वर नव्हे, मध्ये

सर, एप्रन माझ्याकडेच राहिला.

हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं बोलता बोलता मी त्याच्यापर्यंत पोचेनच असं नाही. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. शाळेत एखाद्या बापाला बोलावून 'तुमचा मुलगा नापास झालाय' एवढं सांगायचं असलं, तरी मी आधी हवापाण्याचं बोलायचो, मग बसची चौकशी, मग चहा. शेवटी तुम्हीच आत येऊन म्हणायचात, "गणितात नऊ मिळालेत हो त्याला. सातपुते सरांना सांगायला लाज वाटतेय." तर एप्रन माझ्याकडे राहिला. शवपेटीत ठेव म्हणालात, मी ठेवला नाही.

दवाखान्यातली ती दुपार. बाई, तुमच्या पत्नी, डबा धुवायला गेल्या होत्या. तुम्ही खुणेनं जवळ बोलावलंत आणि शिपायाकरवी वर्गात निरोप धाडावा तसं सांगितलंत, "दिनकर, माझी काळी बॅग बाई तुला देतील. त्यात एप्रन आहे. झग्याच्या खाली ठेव, पोटावर. वरनं दिसायला नको, मंडळीला उगीच त्रास."

"सर, काय बोलताय? सोमवारी सोडणार आहेत तुम्हाला."

"सोडतील की. कुठं सोडतील ते बघायचं."

हसलात, खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणालात, "करशील?" मी 'हो' म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, जरा जास्तच वेळ. मला वाटलं औषधाची गुंगी आहे.

बोलतोय तुमच्याशी, पण हे आपल्या मंडळीच्या त्रैमासिकात छापलं जाईल, तेव्हा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही, आवळे सर, आमचे पाळक होतात, शाळेचे मुख्याध्यापक होतात, आणि या दोन्हींच्या आधीपासून फ्रीमेसन होतात. जुन्या काळच्या दगडकाम करणाऱ्या कारागिरांच्या रीतीवर उभी राहिलेली ही बंधुमंडळी; ती जिथं जमते त्याला लॉज म्हणतात. पहिल्या दिवशी तिथं प्रत्येकाला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन देतात, गवंडी कामाला बसताना बांधतो तसा. तो माणसाच्या आयुष्यभर पुरतो आणि शेवटी त्याच्याबरोबर जातो. निदान जायला हवा.

बाईंनी दफनाच्या सकाळी बॅग हातात दिली. "तुमच्याकडेच द्यायला सांगितलंय. आत एक कागद आहे म्हणाले, मी वाचायचा नाही म्हणाले. मी वाचलेला नाही." मी ती बगलेत धरून हॉलमध्ये उभा राहिलो. आपली तीन वाजताची उपासना होते तोच हॉल. सकाळी इंग्रजी, मग तमिळ, मग कन्नड, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर, बाक अजून कोमट असताना, मराठी. त्या दिवशी मात्र अकराची वेळ मिळाली. मागं कुणीतरी कुजबुजलंही, "सरांमुळं मराठीला पहिल्यांदा सकाळची पाळी आली बघा."

शवपेटी उघडी होती. चार पावलं जायचं, झग्याची कड उचलायची, आत सरकवायचं. मी तीन वेळा गेलो आणि तीनही वेळा तुमच्या पायांना हात लावून परत आलो. तिसऱ्या वेळी जोसेफअण्णांनी पकडलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांतले सगळ्यांत वडील ते, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"सातपुते सर, बगलेत काय ते?"

"काही नाही अण्णा. सरांचं बायबल."

"मग ठेवा की त्यांच्या हातात. घरी नेऊन तुम्ही काय करणार?"

आता काय करू? म्हटलं, हे फाटलंय अण्णा, चांगलं आणतो. आणि व्यासपीठावरचं बायबल आणून तुमच्या हाताखाली ठेवलं. ज्या व्यासपीठावर नऊ वर्षं तुम्हाला पाय ठेवू दिला नाही, त्याच्यावरचं. पहिल्या पानावर हॉलचा शिक्का आहे त्याच्या. म्हणजे सर, तुम्ही हॉलचं पुस्तक घेऊन गेलात आणि तुमची वस्तू इथं राहिली. तुम्ही असतात तर हे ऐकून पोट धरून हसला असतात. मला अजून हसू आलेलं नाही.

दफनभूमीत तुमचे लॉजचे बंधू आले होते. आठ-दहा जण, काळ्या कोटात, गेटापाशीच उभे. त्यांना काही विधी करू द्यायचा नाही असं पंचांनी ठरवलं होतं, आणि त्यांनी मागितलंही नाही. मंडळी पांगायला लागल्यावर ते एकेक करून पुढं आले, प्रत्येकानं बाभळीची एक हिरवी डहाळी खड्ड्यात टाकली आणि मागं सरला. त्यांतला एक म्हातारा माझ्यापाशी थांबला. "नीवु दिनकर अल्वा? तुम्हीच ना दिनकर? आवळे ब्रदर तुमच्याविषयी सांगत होते." काय सांगत होते, ते मी विचारलं नाही. बॅग अजून बगलेतच होती.

निपाणीकडच्या त्या बोर्डिंगात तुम्ही मला सातवीला मराठी शिकवलंत. आमची मराठी अर्धी कन्नडात भिजलेली, विभक्तीचे प्रत्यय आम्ही हाताला लागतील ते लावायचो. 'मी बाजारमध्ये गेलतो', 'आईवर सांगतो'. तुम्ही चिडायचा नाहीत. म्हणायचात, "प्रत्यय म्हणजे बिजागरी रे. चुकीची बसवली तरी दार उघडतं, पण भलत्याच खोलीत." तांबड्या पेन्सिलीनं चुकीच्या प्रत्ययाभोवती गोल काढायचात आणि डोक्यावर बरोबरचा लिहायचात.

आणखी एक होतं. पेपरावर कुणी नाव घातलं नसलं, तर तुम्ही तो तपासायचात, गुणही द्यायचात, आणि उजव्या कोपऱ्यात 'नाव?' लिहून टेबलावर ठेवून द्यायचात. अक्षर कुणाचं हे तुम्हाला न कळायला काय झालं, तीसच तर पोरं होतो आम्ही. तरी हाक मारायचा नाहीत. "ज्याचा असेल तो येईल," म्हणायचात. एकदा माझा पेपर बारा दिवस पडून होता. मार खायच्या भीतीनं मी गेलो नाही. तेराव्या दिवशी गेलो, तर मार नाही, काही नाही, नुसता पेपर हातात दिलात. मार दिला असतात तर बरं झालं असतं, असं तेव्हाही वाटलं होतं.

पुढं तुम्ही बनशंकरीतली शाळा हातात घेतलीत आणि मला गणिताला बोलावलंत. तुमच्या टेबलावर ते दोन दगड असायचे. एक खाणीतून आणलेला तसाच, ओबडधोबड. दुसरा घासून सहाही बाजूंनी चौरस केलेला. तक्रार घेऊन आलेल्या पालकांना तुम्ही दोन्ही उचलायला लावायचात. "हा तुमचा मुलगा. हाही तुमचाच मुलगा. मधला वेळ आमचा." एचएसआर लेआउटमधला एक कंपनीवाला बाप आठवतो का? घड्याळात बघत म्हणाला, "सर, ह्याला काही फास्ट ट्रॅक नाही का?" तुम्ही म्हणालात, "आहे की. हातोडा. पण मग तुकडे होतात."

मंडळीत तुम्हाला 'गवंडी पाद्री' म्हणायचे. तुम्हाला ते आवडायचं. शिवी म्हणून दिलेलं नाव तुम्ही पदवीसारखं मिरवलंत.

पहिल्यांदा तुम्हाला माझ्या स्कूटरवरून कॅन्टोन्मेंटकडे नेलं तो दुसरा शनिवार होता. तुमच्या हातात ती काळी बॅग.

"कुठं सोडू सर?"

"लॉजला."

मी स्कूटर बाजूला घेतली. बसस्टँडच्या आसपास ज्या पाट्या असतात, तासावर खोली देणाऱ्या, त्याच माझ्या डोळ्यांपुढं आल्या. घाबरत विचारलं, "लॉजवर?"

रस्त्यात इतके मोठ्यानं हसलात की रिक्षावाला वळून बघायला लागला. "वर नव्हे रे बाबा, मध्ये! लॉजवर जाणारी माणसं वेगळी, लॉजमध्ये जाणारी वेगळी. एका प्रत्ययात अब्रू असते, दिनकर. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं, सर. फार नीट लक्षात ठेवलं.

त्यानंतर वर्षानुवर्षं दर महिन्याला मी तुम्हाला सोडायचो आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचो. दोन तासांनी तुम्ही बाहेर यायचात ते निराळेच. शाळेत ताठ असायचात, व्यासपीठावर थकलेले असायचात, तिथून बाहेर येताना मात्र न्हाऊन आल्यासारखे दिसायचात. परतीच्या वाटेवर आपलं ते भांडण व्हायचं, कधीच न संपलेलं.

"चांगलं आहे तर लपवता कशाला, सर?"

"तू डोळे मिटून प्रार्थना करतोस. लपवतोस काय?"

"मी काय मागितलं हे कुणी विचारलं तर सांगतो मी."

"खरं सांगतोस?"

इथं मी हॉर्न वाजवायचो, समोर कुणी नसलं तरी. मग तुम्ही आपलं सुरू करायचात. आत एका टेबलावर चार धर्मांचे चार ग्रंथ असतात, निवृत्त न्यायाधीश टायरच्या दुकानदाराशेजारी बसतो आणि दोघांनाही एकच हाक, भाऊ. "मी तीस वर्षं उपदेशात हेच सांगतोय दिनकर. आणि आपल्या हॉलमध्ये अजून मिरजेकडचे उजवीकडे बसतात नि बेळगावकडचे डावीकडे." कडवट बोलायचात तुम्ही हे. तिथं जाऊन तुम्हाला जे मिळत होतं ते आम्ही देऊ शकलो नाही, हे ऐकायला मला आवडायचं नाही. पण खरं सांगतो, त्याहून जास्त हे सलायचं की मी टपरीवर आहे आणि तुम्ही आत.

म्हणून मी विचारलं, मला घेता येईल का? तुमचे डोळे भरले होते तेव्हा. तिथली रीत अशी की कुणी कुणाला बोलवत नाही, ज्याला यायचं त्यानं स्वतः विचारायचं. तुम्ही अकरा वर्षं मी विचारायची वाट बघत होतात म्हणे. अर्ज भरला, नाव घातलं, दोघं-तिघं घरी येऊन बोलून गेले. मग मतदान. पेटीत प्रत्येकानं हात घालून गोळा टाकायचा. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. सगळे पांढरे आणि एकच काळा निघाला तरी माणूस परत.

सोमवारी तुम्ही ऑफिसात बोलावलंत. "या वेळी नाही जमलं, दिनकर."

"किती काळे?"

"ते महत्त्वाचं नाही."

"म्हणजे एकच. कुणाचा?"

"ते कुणालाच कळत नाही. म्हणून तर पेटी."

"तुमचा कुठला होता?"

"ते विचारायचं नसतं."

"मी विचारतोय."

तो ओबडधोबड दगड उचललात आणि एका कागदाच्या गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर ठेवलात. बस. एवढ्यावर मी ठरवून टाकलं. ज्या माणसानं बापाच्या जागी राहून मला घडवलं, त्यानंच पेटीत हात घालून सांगितलं की हा घडलेला नाही.

ते पत्र मी लिहिलं.

नऊ वर्षं हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. बायकोला सांगितलं नाही, प्रार्थनेत म्हटलं नाही. प्रार्थनेतही मी हवापाण्याचंच बोलत राहिलो. मंडळीतल्या जुन्या लोकांना ते निनावी पत्र आठवत असेल. त्यातलं मुख्य वाक्य मला पाठ आहे: 'आमचे पाळक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हातात काळी बॅग घेऊन लॉजवर जातात व तेथे काय चालते असे विचारल्यास सांगत नाहीत.' यात एक शब्द खोटा नाही. फक्त एक बिजागरी मी मुद्दाम चुकीची बसवली होती, दार भलत्याच खोलीत उघडावं म्हणून.

आणि पंचांचा चिटणीस मीच. पत्र माझ्याच पत्त्यावर आलं, सभेत वाचूनही मीच दाखवलं. परक्याचं असल्यासारखं वाचलं. एका ठिकाणी अडखळलोही, मुद्दाम. 'लॉजवर' शब्द आला तेव्हा कुणाची तरी खुर्ची करकरली, मागं कुणीतरी फसकन हसलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. इतरांकडे नाही, माझ्याकडे.

जोसेफअण्णांनी विचारलं, "पाळकसाहेब, जाता काय?"

"जातो."

"लॉजवर?"

"वर नव्हे अण्णा. मध्ये."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, मी हसलो नाही. अण्णा म्हणाले, "बरं मध्ये. काय चालतं तिथं?"

"ते सांगता येत नाही."

झालं तेवढं पुरे झालं. ही कसली संस्था आहे ते पुढं चौकशीत सगळ्यांना कळलं, वरच्या धर्माधिकाऱ्यांनी 'ते सोडा नाहीतर व्यासपीठ सोडा' म्हटलं, तुम्ही व्यासपीठ सोडलंत. कागदावर कारण हेच राहिलं. पण बायकांच्या बाकांवर, चहाच्या टेबलापाशी, कन्नड उपासना संपायची वाट बघत जिन्यात उभं असताना, जे फिरलं ते 'लॉजवर'च फिरलं. मी ऐकत होतो. एकदाही म्हटलं नाही की अहो, तसलं काही नाही. बाई उपासनेत हार्मोनियम वाजवायच्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी वाजवता वाजवता मध्येच भाता बंद केला, झाकण लावलं आणि मागं तुमच्याशेजारी येऊन बसल्या. पुन्हा कधी उघडली नाही. गाणी आम्ही तेव्हापासून सुराशिवायच म्हणतो. नवीन आलेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना वाटतं, ही आपल्या मंडळीची रीतच असावी.

तुम्ही नऊ वर्षं शेवटच्या बाकावर बसलात. मी पुढं उभा राहून 'आजचे वक्ते' म्हणून दुसऱ्यांची नावं पुकारत राहिलो. तुम्ही प्रत्येकाचा उपदेश वहीत उतरवून घ्यायचात, अगदी कच्च्या पोरांचाही.

आणि दुसऱ्या शनिवारी? तुम्हाला मीच सोडत होतो, सर. हे लोकांना खरं वाटणार नाही. तुम्ही फोन करायचात, "येतोस ना?" आणि मी यायचो. न येण्याचं कारण देता आलं नसतं म्हणून यायचो. उतरताना तुम्ही दर वेळी तेच म्हणायचात, "मध्ये जाऊन येतो." 'मध्ये'वर जरासं थांबून. मला ती तुमची जुनी थट्टा वाटायची. नऊ वर्षं, दर महिन्याला एकदा, तुम्ही माझ्यापुढं तो शब्द ठेवत होतात आणि मी "सरी सर, मी इथंच आहे" म्हणून टपरीकडे वळत होतो.

बॅग मी दफनानंतर पाच दिवसांनी उघडली. एप्रन मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला. वर्षांनी पिवळसर झालेला, कडेला तुमच्या हाताच्या घडीची रेघ. त्याच्याखाली तो कागद.

माझं पत्र. पंचांच्या फाइलमधून ते नाहीसं झालंय हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं, आणि कुणी नेलं याचा विचारही न करता मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. 'वर'भोवती तांबड्या पेन्सिलीचा गोल. डोक्यावर 'मध्ये'. बाकी पत्रात एक खूण नाही. आणि उजव्या कोपऱ्यात, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात: 'नाव?'

दुसरा शनिवार, काळी बॅग, विचारल्यास सांगत नाहीत. हे सगळं जाणणारा माणूस एकच होता, स्कूटर चालवणारा. तुम्हाला सभेतच कळलं असणार. बहुधा माझ्या पहिल्या वाक्याला.

आता माझा राग ऐका. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण तुम्ही गेल्यापासून मी दुसरं काही करू शकलेलो नाही. तुम्ही मला पकडलं का नाहीत? त्या दिवशी सभेत बोट दाखवलं असतंत, स्कूटरवरून उतरताना एक थोबाडीत दिली असतीत, तर मी तेव्हाच रडलो असतो आणि बाईंची हार्मोनियम वाजत राहिली असती. तुम्ही थोर राहिलात, सर. शिक्षक राहिलात. माझा पेपर टेबलावर ठेवून वाट बघत बसलात. मी सातवीतला पोरगा नव्हतो हो, पंचेचाळिशीचा भित्रा माणूस होतो. बारा दिवसांत आलो नाही तो बारा वर्षांत येईल असं तुम्हाला कशावरून वाटलं? आणि तुमच्या त्या वाट बघण्याची किंमत तुम्ही एकट्यानं नाही दिलीत, बाईंनी दिली. तुम्हाला तेवढा हक्क नव्हता.

आणि तो काळा गोळा. तो मला आता कधीच कळणार नाही. तुमचा नसेल, तर मी निरपराध माणसाला धुळीला मिळवलं. तुमचा असेल, तर तुम्ही मला पत्राच्या आधीच बरोबर ओळखलं होतंत. दोन्हींतलं कुठलं खरं ठरावं म्हणून प्रार्थना करू, ते ठरत नाही.

गेल्या आठवड्यात मी बाईंकडे गेलो. हे लिहिलेलं सोबत नेलं होतं, तुमच्या-माझ्या भांडणापर्यंतचं, आणि ते पत्र. त्या दुपारच्या उन्हात दारात बसून अवरेच्या शेंगा सोलत होत्या. या वेळी हवापाण्याचं बोललो नाही. म्हटलं, "बाई, ते पत्र माझं होतं." आणि पत्र वाचून दाखवलं; बाकीचं त्रैमासिकात छापायचंय एवढंच सांगितलं.

त्यांचा हात थांबला नाही. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "ती ओळ पुन्हा वाचा."

वाचली.

"वर."

"हो."

"लिहिलेलंच होतं तसं?"

"हो बाई."

"मी ह्यांना नऊ वर्षं सांगत होते, लिहिणाऱ्यानं 'मध्ये' लिहिलं असेल हो, आपल्या लोकांची मराठी कच्ची, त्यांनी 'वर' ऐकलं. लिहिणारा इतका वाईट नसेल. आणि हे नुसते 'हं' म्हणायचे." मग शेंगांचं ताट बाजूला सारलं. "तुमची मराठी कच्ची नाही, दिनकर. ह्यांनीच पक्की करून घेतली होती."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्यांची मागायची वेळ गेली. माझी वेगळी आहे. ती आज मागू नका, आज मला देता येणार नाही." चहाचं विचारलं नाही. त्या घरात मला चहा मिळाला नाही अशी ही पहिली वेळ. जिन्यापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला, "छापा ते. आणि खाली 'एक सभासद' बिभासद लिहू नका."

"नाही लिहिणार."

"एप्रन ठेवला होतात ना?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी शेंगांचं ताट पुन्हा जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "गुरुवारी ह्यांच्या कबरीवर कट्टा बांधायला गवंडी येणार आहे. सकाळी नऊला."

मुनियप्पा त्याचं नाव. कमरेला सिमेंटच्या पोत्याचा तुकडा बांधलेला, त्याच्यावर हात पुसत पुसत तो विटा लावत होता. दुसरा थर झाल्यावर मी फडकं सोडून एप्रन पुढं केला. "इदु एनु सार?" म्हटलं, सरांचा आहे, त्यांच्यापाशी ठेवायचा राहिला. त्यानं तो बोटांनी चाचपला, कातडं ओळखलं. "सिमेंट लागलं तर खराब होतं सार. स्वल्प थांबा." प्लास्टिकच्या कागदात त्यानं तो घडीवर घडी करून बांधला. मग विचारलं, कुठं ठेवायचा? मी म्हटलं, पोटावर. त्यानं वीत टाकत मापलं. डोकं इथं, पाय तिथं. मधोमध माती उकरली, आत ठेवला, वरून विटेचा थर दिला आणि ओळंबा लावून बघितला. मी काही केलं नाही. नुसता उभा होतो, पण या वेळी निघून गेलो नाही.

पंचांची परवानगी घेतलेली नाही. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी कट्टा खुशाल फोडावा. कुणी केलं, हे शोधायला सभा बोलवायची गरज नाही.

पत्र फाइलला परत लावायला जोसेफअण्णांकडे दिलं. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं, तांबडा गोल बघितला, कोपरा बघितला. "हे आता कशाला उकरता, सर?" म्हणाले. मी म्हटलं, कोपऱ्यात प्रश्न आहे अण्णा, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. तुमच्या प्रश्नचिन्हापुढं जागा थोडीच उरली होती. मावलं तेवढ्यात लिहिलं.

उशीर झाला. तुम्ही टेबलापाशी नाहीत. तरी न्यायला आलोय. तो पेपर माझा आहे, सर.

दिनकर लूक सातपुते